भरवसा आणि वही

आपल्या समाजातील आडनावे एका कागदावर लिहून काढली, तर ती बाजारपेठेची यादी वाटेल. बागवान, तांबोळी, अत्तार, मणेर, पिंजारी, शिकलगार, मोमीन, गवंडी. पिढ्या बदलल्या तशी हत्यारे बदलली. शिकलगाराचे धार लावायचे चाक गेले आणि त्याची नातवंडे उद्यमनगरात लेथ मशीनवर उभी राहिली. पिंजाऱ्याची धनुकली गेली आणि गाद्या-उशांचे दुकान आले. तरी घरची चूल पेटते ती आजही बहुधा स्वतःच्या लहान धंद्यावरच. २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालाने नोंदवले होते, की देशातील मुस्लिम कामगारांपैकी ६१ टक्के स्वयंरोजगारावर जगतात. हिंदू कामगारांत हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. म्हणजे धंदा बरा चालला तरच समाज बरा चालणार. आणि तरीही एकाच गल्लीत एकाच मालाची दोन दुकाने असतात, त्यांतले एक वाढत जाते, दुसरे वीस वर्षांनीही तेवढेच राहते किंवा बंद पडते. असे का होते? यात नशिबाचा वाटा किती, जमान्याचा किती आणि आपला स्वतःचा किती?

आम्ही व्यापारी नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. परंतु आमच्या वर्गात बसणारी बहुतेक मुले फळविक्रेते, गॅरेजवाले, बेकरीवाले, शिंपी आणि फेरीवाले यांची आहेत. बापाचा धंदा बसला की त्याचा पहिला फटका वर्गातील हजेरीपटावर दिसतो. त्यामुळे या प्रश्नाशी आमचा संबंध आहे.

या प्रश्नाला आपल्याकडे दोन तयार उत्तरे आहेत. पहिले उत्तर, रिझ्क अल्लाहच्या हाती आहे. दुसरे उत्तर, जमानाच खराब आहे, आपल्याला कोणी पुढे येऊ देत नाही. दोन्ही उत्तरांत सत्य आहे. मात्र दोन्ही उत्तरे दिल्यावर माणूस स्वस्थ बसतो, ही त्यांच्यातली अडचण आहे.

प्रथम जमान्याचे बोलू, कारण ते नाकारणे अन्यायाचे होईल. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा रोखीवर चालणारी मंडई आणि फेरीवाले आठवडे-आठवडे रिकामे बसले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ज्यांनी कधी बिलबुक ठेवले नव्हते, त्यांच्याकडून मोठे खरेदीदार बिल मागू लागले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले आणि दुकानांतला माल कुजला. त्यातून सावरतो तोच मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. ७ जून २०२३ ला समाजमाध्यमांवरील मजकुरावरून कोल्हापुरात बंद पुकारला गेला, दगडफेक झाली आणि ज्यांचा त्या मजकुराशी काडीचा संबंध नव्हता अशांच्या दुकानांचे आणि वाहनांचे नुकसान झाले. बँकांचे म्हणाल तर सच्चर समितीनेच लिहून ठेवले आहे, की काही बँकांनी मुस्लिम वस्तीचे भाग कर्जासाठी नकोसे म्हणून वेगळे काढले होते. हे सारे धंद्यावर परिणाम करणारे घटक आहेत आणि ते दुकानदाराच्या हातात नाहीत.

गिऱ्हाइकाचे मनही त्याच्या हातात नसते. आपल्या कोल्हापुरात याचे फार मोठे उदाहरण घडून गेले आहे. गंगाराम कांबळे हे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला मदत केली आणि भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल निघाले. चहा चांगला होता, जागा मोक्याची होती, कष्टांत कसूर नव्हती. तरीही अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला सवर्ण येईनात. तेव्हा महाराज स्वतः तिथे येऊन चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. काही कुलुपे आतून उघडत नाहीत, ती राज्यकर्त्यालाच बाहेरून उघडावी लागतात, हे महाराजांनी ओळखले होते. ती मागणी आपण आजही केलीच पाहिजे. ती करणे म्हणजे रडगाणे नव्हे.

परंतु जे कुलूप आतल्या बाजूला आहे त्याचे काय? ते आहे आपल्या तोंडी व्यवहाराचे.

आपल्या धंद्यांत भरवशाला मोठी किंमत आहे आणि तिचा आम्हाला अभिमान आहे. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना नबुव्वत मिळण्याआधी मक्केच्या लोकांनी ‘अमीन’ म्हटले. हजरत खदीजा (र.) स्वतः व्यापार करत होत्या आणि त्यांनी आपला माल त्यांच्या हाती सोपवला, तो या सचोटीची ख्याती ऐकूनच. इमाम अबू हनीफा हे कूफ्यात कापडाचा व्यापार करत. इकडे कोल्हापूरचा माणूसही शब्दाचा पक्का म्हणून ओळखला जातो. या दोन्हींचा परिणाम म्हणून आपल्याकडे हजारोंचा माल एका फोनवर सुटतो, भावाभावांची भागीदारी एका वाक्यावर उभी राहते, भिशीचा हप्ता हातात हात देऊन दिला जातो. कोणी कागदाचे नाव काढले की समोरचा दुखावतो. “क्या भाई, हमपे भरोसा नै क्या?” या एका प्रश्नापुढे भले भले वही मिटून ठेवतात.

आमच्या मते खरा नैतिक प्रश्न इथे आहे. लिहून मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे आहे का?

लेखी व्यवहार लबाडांसाठी असतो, इमानदारांना त्याची गरज नाही, असा आपला समज आहे. अनुभव मात्र निराळे सांगतो. बाजारातले बहुतेक तंटे इमानदार आणि बेइमान यांच्यात होत नाहीत, ते दोन इमानदार माणसांत होतात. एकाला आठवते, रमजानच्या आधी दहा हजार दिले. दुसऱ्याला आठवते, आठ. दोघेही कसम खायला तयार असतात आणि दोघेही खोटे बोलत नसतात. आठवण ही प्रत्येकाच्या बाजूने थोडी झुकते, हा तिचा स्वभावच आहे. दोन भाऊ दुकान काढतात. एक गल्ल्यावर बसतो, दुसरा माल आणायला फिरतो. पाच वर्षांनी गल्ल्यावरच्याला वाटते की बसून बसून कंबर आपली मोडली. फिरणाऱ्याला वाटते की उन्हातान्हात वणवण आपण केली. हिस्सा किती, पगार किती, घरखर्चाला उचल किती, हे पहिल्या दिवशी लिहिलेले नसते. मग एक दिवस दुकानाच्या मधोमध भिंत उभी राहते आणि एका चालत्या धंद्याचे दोन लंगडे धंदे होतात. अशा किती भिंती आपण पाहिल्या असतील! या भिंती सरकारने बांधल्या नाहीत आणि बँकेनेही नाही.

कुरआनातील सर्वांत लांब आयत कोणती, हे आपल्यातील पुष्कळांना विचारले तर चटकन सांगता येणार नाही. ती नमाज, रोजा किंवा हज यांविषयीची नाही. सूरह बकरातील २८२ वी आयत ही उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. हातोहात होणाऱ्या रोख व्यवहाराला मात्र तिने सूट दिली आहे. बाजाराची इतकी बारीक जाण त्यात आहे. बहुतेक फकिहांनी हे लिहिणे फर्ज न मानता मुस्तहब मानले आणि लगेच पुढची आयत एकमेकांवर भरवसा असेल तर अमानत परत करण्याची जबाबदारी सांगते. म्हणजे तोंडी व्यवहार हराम ठरत नाही. पण यातूनच एक गोष्ट स्पष्ट होते, की लिहिणे ही अविश्वासाची खूण असती तर मोमिनांना त्याची एवढी ताकीद दिली गेली नसती.

या आयतीतला एक तपशील आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मजकूर कोणी सांगायचा? देणेकऱ्याने. ज्याच्यावर बोजा आहे, जो त्या घडीला दुबळा आहे, त्याच्या तोंडून लिहिले जावे. तो सांगू शकत नसेल तर त्याच्या पालकाने न्यायाने सांगावे.

याच्या उलट काय होते, ते महाराष्ट्राने पाहिले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावात शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि आसपासच्या गावांत पसरला. शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकारांच्या घरातील कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. ते कागद बाहेर काढून त्यांनी जाळले. वरवर पाहता हा कागदाविरुद्धचा पुरावा वाटेल. लिहिल्यानेच तर शेतकरी बुडाला! परंतु तिथे लिहिणारा एकटा सावकार होता. ज्याच्या नावावर रक्कम चढत होती त्याला ती वही वाचता येत नव्हती. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने शेतकऱ्यांचे रोखे सरकारी नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावेत आणि शेतकऱ्याला पावती व हिशेब मागण्याचा हक्क असावा, अशी तरतूद केली. दोष कागदाचा नव्हता, एकाच्याच हाती असलेल्या कागदाचा होता. ज्याला दोन्ही बाजू वाचू शकतात तोच हिशेब न्यायाचा. आपल्या दुकानात मात्र या दोन्हींपैकी काहीच नाही. सावकाराची वही नको म्हणून आपण वहीच ठेवली नाही.

वही नसण्याची किंमत दुकानदार जिवंत असेपर्यंत पुरती कळत नाही. जनाजा उठण्यापूर्वी आपल्याकडे एक घोषणा होते: मरहूमकडे कोणाचे देणे असेल तर त्याने वारसांना भेटावे. फार सुंदर रीत आहे ती. वारसाहक्काची वाटणी होण्याआधी कर्ज फेडले पाहिजे, हा शरीअतचा नियमच आहे. पण ही घोषणा एकाच दिशेने काम करते. ज्यांचे येणे असते ते येतात. ज्यांचे देणे असते, त्यांतले किती येतात? २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाने कितीतरी कर्ती माणसे गेली. आमच्या माहितीतल्या एका घरात चाळीस दिवस व्हायच्या आत मालाचे पैसे मागायला सहा जण आले. बेवा बाईने दागिने मोडून सगळ्यांचे फेडले. नवऱ्याची उधारी बाहेर किती होती, हे ती सांगू शकली नाही, कारण ती सारी त्याच्या डोक्यात होती आणि त्याच्याबरोबरच गेली. मोठा मुलगा नववीत होता. पुढच्या जूनमध्ये त्याचे नाव पटावर राहिले, तो मात्र एका गॅरेजात राहिला.

या घरात कोणी कोणाला फसवले? कदाचित कोणीच नाही. उधारीवाल्यांतल्या काहींना खरेच आठवत नसेल, काहींनी वाट पाहिली असेल की कोणी मागायला येईल. पण एका अनाथ मुलाचा हक्क बुडाला हे खरे. म्हणून आम्हाला असे वाटते, की लिहिणे हे समोरच्या माणसाशी असलेल्या नात्याचा प्रश्नच नाही. समोरच्याचा आणि आपला भरवसा असतोच. लिहायचे असते ते त्या क्षणी तिथे हजर नसलेल्यांसाठी: बायकोसाठी, मुलांसाठी, भागीदाराच्या मुलींसाठी, ज्यांचा वाट्यातला हिस्सा वाटणीच्या वेळी सहज विसरला जातो. त्यांच्या वतीने बोलणारे दुसरे कोणी नसते.

हजर नसलेल्यांत अनोळखी माणूसही येतो, आणि धंदा वाढण्याचे सारे रहस्य बहुधा यातच आहे. तोंडी भरवसा चेहऱ्यावर चालतो. जिथवर आपला चेहरा ओळखीचा, तिथवर आपली पत. मोहल्ला संपला की पत संपली. बँकेचा अधिकारी दर तीन वर्षांनी बदलतो, तो आपल्या अब्बांना ओळखत नाही. त्याने मुसलमान म्हणून नाकारले की कागद नाही म्हणून, हेही आपल्याला सिद्ध करता येत नाही. हिशेब चोख असेल तर निदान नाकारणाऱ्याचे कारण उघडे पडते. पुराचा पंचनामा करणाऱ्यालाही दुकानात माल किती होता हे विचारावेच लागते, आणि चिखल त्याचे उत्तर देत नाही.

उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथे एक-दोन मशीनवर जॉबवर्क करणारे आपले अनेक कारागीर आहेत. मोठ्या कारखान्याकडून बिल वेळेवर येत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, त्या गावात आज व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणणाऱ्या खर्चीवाल्यांची तक्रारही तीच आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना यावर इलाज दिला आहे. लेखी करार असला तरी देणे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागते. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. ते व्याज घ्यावे की नाही हे ज्याने त्याने आपल्या आलिमाला विचारावे, मुद्दल तरी हक्काचे आहे. एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ गणला जातो, म्हणजे आपले जवळपास सगळेच कारखानदार त्यात बसतात. पण ‘उद्यम’ नोंदणी, डिलिव्हरी चलन आणि बिल यांच्याशिवाय तिथे दाद कशाची मागणार?

कागदाने दुबळ्याला किती उंची मिळते, याचा ताजा दाखला कोल्हापुरी चपलेचा आहे. ही चप्पल मुख्यतः आपल्या चर्मकार बांधवांच्या हातची. पिढ्यान्‌पिढ्या ती कारागिराच्या नावाने आणि चेहऱ्याने विकली गेली. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीने तशाच चपला कोल्हापूरचे नाव न घेता दाखवल्या, तेव्हा महाराष्ट्रातून आवाज उठला आणि कंपनीला या चपलांमागची भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. मानांकनाने प्राडा कायद्याने किती बांधली गेली असती, हा वेगळा वाद आहे. कराराचा लाभ शेवटच्या कारागिरापर्यंत किती पोहोचतो, हेही पाहावे लागेल. पण इटलीतल्या अनोळखी माणसासमोर ‘हे आमचे आहे’ म्हणायला हातात एक नोंद होती. केवळ “सारा गाव ओळखतो” एवढ्यावर ते झाले नसते.

येथे एक आक्षेप येईल. बँकेचे कर्ज सुदाचे, ते आम्हाला घ्यायचेच नाही, मग बँकेच्या कागदांचा आम्हाला काय उपयोग? सूद टाळणाऱ्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु सुदाला पर्याय म्हणून शरीअतने जे दाखवले, ती मुदारबत असो की मुशारकत, त्या दोन्हींत नफ्यातला हिस्सा द्यायचा असतो. व्याज देणाऱ्याला नफा किती झाला हे सांगावे लागत नाही, ठरलेली रक्कम दिली की तो सुटला. नफ्यातला वाटा देणाऱ्याला मात्र पै-पैचा हिशेब द्यावा लागतो. म्हणजे ज्याला सुदापासून दूर राहायचे आहे, त्याला वहीची गरज इतरांपेक्षा जास्त आहे. आपल्याकडे मात्र उलटे दिसते. हिशेब नाही म्हणून भागीदार मिळत नाही, भागीदार नाही म्हणून माणूस खासगी सावकाराच्या दारात जातो आणि बँकेपेक्षा कितीतरी जड सूद गुपचूप भरत राहतो. जकातीचेही तेच. साल संपताना माल किती आणि येणे किती हे माहीत नसेल, तर जकात अंदाजाने निघते, आणि अंदाज बहुधा आपल्याच बाजूने होतो.

आता आमच्या शाळेकडे येऊ. दुकानावर बसणारी मुले तोंडी हिशेबात आमच्यापेक्षा तरबेज असतात. ऐंशी रुपये किलोची मोसंबी पावणेचार किलो घेतली तर किती, हे विचारायचा अवकाश, तीनशे म्हणून उत्तर येते. तेच उदाहरण वहीत मांडायला सांगितले की पेन्सिल थांबते. त्यांच्या बुद्धीत खोट नाही. त्यांच्या घरात धंदा बोलण्याची गोष्ट आहे, लिहिण्याची नाही. त्यात भाषेची अडचण असतेच. पाठ्यपुस्तक उर्दूत, बाजार मराठी-दख्खनीत, बँकेचा फॉर्म मराठी आणि इंग्रजीत. म्हणून बाप म्हणतो, शिकून कुठे साहेब होणार, दुकानावर बसू दे. आमचे म्हणणे असे, की दुकानावर बसायचे असेल तर शाळेत आणखी बसले पाहिजे. राजर्षी शाहूंनी १८९५ मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. १९०६ मध्ये कापड गिरणी उभारायला घेतली आणि त्याच वर्षी मुस्लिम बोर्डिंगलाही चालना दिली. पेठ आणि पाठशाला या दोन वेगळ्या वाटा आहेत असे त्यांना कधी वाटले नाही.

यासाठी मोठ्या योजनांची वाट पाहायला नको. आठवी-नववीच्या मुलांकडून आठवड्यातून एकदा घरच्या धंद्याची रोजकीर्द उर्दूत आणि मराठीत लिहून घेता येईल. मशिदीत जुम्याच्या बयानात वर्षातून दोनदा तरी त्या लांब आयतीवर बोलता येईल. जमातीच्या मंडळींनी भागीदारीचा साधा नमुना छापून ठेवला तर भावाभावांना एकमेकांकडे कागद मागण्याचा संकोच वाटणार नाही. मागणारा भाऊ नसेल, रीत असेल. महिलांच्या अनेक भिशा आजही चोख वहीवर चालतात. त्यांच्याकडून पुरुषांनी शिकायला हरकत नाही.

वही ठेवली म्हणजे पूर येणार नाही, दंगल होणार नाही किंवा बँकवाला हसून कर्ज देईल, असे आम्ही म्हणत नाही. त्या लढाया वेगळ्या आहेत आणि त्या लढल्याच पाहिजेत. रिझ्क देणारा अल्लाह आहे, यावरही आमचे इमान आहे. पण दिलेल्या रिझ्कचा हिशेब आपल्यालाच द्यायचा आहे. आज रात्री दुकानाचे शटर ओढण्यापूर्वी कोणाचे किती येणे आणि कोणाचे किती देणे, एवढ्या दोनच ओळी लिहून ठेवाव्यात आणि ती वही कुठे ठेवली आहे, हे घरात सांगावे.